गट पाडले त्याच मापांनी फरक तपासावा का?

प्रश्न : सर, पीएच.डी.साठी दूध उत्पादक शेतकऱ्यांची पाहणी केली. जमीन, जनावरं, रोजचं दूध आणि चाऱ्याचा खर्च या चार चलांवर (मोजलेल्या बाबींवर) के-मीन्स या सारखे-सारखे एकत्र आणणाऱ्या पद्धतीने तीन गट पाडले. त्याच चलांवर अ‍ॅनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) केला, तर चारही ठिकाणी पी-मूल्य ०.०००, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं दिसलं. तरी बाहेरचे परीक्षक म्हणतात, हा तक्ता काहीच सिद्ध करत नाही. असं का?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : परीक्षकांचं म्हणणं बरोबर आहे. एम.फिल.च्या वेळी मीही असाच तक्ता छापला होता, म्हणून कळकळीने सांगतो.

गट एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर पडतील अशी वाटणी शोधणं हेच के-मीन्सचं काम. मुलांना उंचीनुसार दोन रांगांत उभं करायचं आणि मग रांगांच्या उंचीत फरक आहे का ते तपासायचं, तसं हे झालं. आजच करून बघा : एक्सेलमध्ये नॉर्मल वितरणातले २०० यादृच्छिक आकडे घ्या. त्यात गट नाहीतच. चढत्या क्रमाने लावून मधोमध कापा आणि दोन भागांवर टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी) करा. टी १८-१९च्या आसपास येईल, म्हणजे गट नसतानाही प्रचंड फरक! एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर स्वतःच के-मीन्सच्या अ‍ॅनोव्हा तक्त्याखाली टीप देतं, की या एफ-चाचण्या (अ‍ॅनोव्हातल्याच) फक्त वर्णनापुरत्या वापराव्यात. ती टीप वाचायची राहून जाते.

सरासऱ्या मात्र ठेवा. गटांची ओळख त्यांनीच होते. चाचणी करायची ती गट पाडताना बाजूला ठेवलेल्या चलांवर. शिक्षण किंवा दूध संस्थेचं सभासदत्व असेल तर काय-वर्ग (प्रकारांत मोडणाऱ्या माहितीची चाचणी), वय असेल तर वेल्चची अ‍ॅनोव्हा (गटांतला विखार असमान असला तरी चालणारी) आणि पुढे कोणत्या जोड्यांत फरक आहे ते पाहायला गेम्स-हॉवेल. दुधाचं उत्पन्न घेऊ नका, ते रोजच्या दुधातूनच येतं.

बाजूला ठेवलेल्या माहितीचा उपयोग कसा होतो, याचं उदाहरण म्हणून संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३६ साली वापरलेली आयरिस फुलांची मापं घ्या. सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन जाती, प्रत्येकी ५० फुलं. जातीचं नाव लपवून चार मापांवर के-मीन्सने तीन गट पाडले, की सेटोसाची सगळी ५० फुलं वेगळी निघतात; पण व्हर्जिनिकाची १४ व्हर्सिकलरच्या गटात शिरतात आणि व्हर्सिकलरची २ व्हर्जिनिकाच्या गटात जातात. चारही मापांवर अ‍ॅनोव्हा झकास येतो, ही सरमिसळ मात्र लपवलेलं नाव उघडल्यावरच दिसते.

आणखी एक करा. शेतकऱ्यांची यादी चिठ्ठ्या टाकून निम्मी करा आणि दोन्ही भागांत स्वतंत्र गट पाडा. त्याने तुमचा जुना अ‍ॅनोव्हा वैध होणार नाही, पण दोन्हीकडे साधारण तेच तीन गट निघाले नाहीत, तर तीन हा आकडाच पुन्हा तपासावा लागेल.