खेड्यातल्या पोरानं अँटेना-मायक्रोवेव्हमध्ये पीएचडी करावी का?

तुम्ही यवतमाळातल्या दारव्ह्याकडचे, इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई झालेले, गेट परीक्षेची तयारी चालू आणि घरचे म्हणतात, 'पीएचडीत वय काहून घालवतं?' मीही त्याच पट्ट्यातला, म्हणून लिहितो.

आधी पैशाचं. २०२३ पासून जेआरएफला (पीएचडी करणाऱ्याची सरकारी फेलोशिप) दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. त्यात घरीही थोडं पाठवता येतं. खरी अडचण पीएचडीनंतर. नागपूरची व्हीएनआयटी, आयआयटी इथं प्राध्यापकीच्या जागा मोजक्या. मी एका खासगी कॉलेजात दीड वर्ष काढलं, पगार तीन-तीन महिने थकायचा आणि मायक्रोवेव्ह बेंचवरची धूळ तपासणी समिती येणार म्हटलं की पुसली जायची. प्राध्यापकीचाच हट्ट नसेल तर पवईची 'समीर' ही मायक्रोवेव्हवर काम करणारी सरकारी संस्था, इस्रो, डीआरडीओ हेही रस्ते आहेत.

आता कामाचं. माझा विषय मातीतला ओलावा. पदार्थ विद्युतलहरीला किती प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट. पाण्याचा ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५. म्हणून माती भिजली की तिच्यावरून परतणारी लहर बदलते. पुस्तकात एवढंच. मी आमच्या वावरातली काळी माती खताच्या थैलीत भरून लॅबमध्ये नेली. व्हीएनए (लहर पाठवून किती परतते ते मोजणारं यंत्र) कॅलिब्रेट केला, त्याचा प्रोब मातीला टेकवला, तर आकडे भलतेच कमी. आठवडाभर केबलला शिव्या घातल्या. दोष भेगांचा होता: सुकताना आपली माती फाटते, प्रोबखाली हवा राहते. ढेकळं कुटून, दाबून भरली, तोलली, १०५ अंशावर २४ तास भट्टीत वाळवून पुन्हा तोलली, म्हणजे पाणी नेमकं किती ते कळलं. तरी टॉप नावाच्या शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत १९८० मध्ये दिलेल्या, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवरून ओलावा काढायच्या समीकरणाशी मेळ बसेना. चिकणमातीच्या कणांना घट्ट धरलेलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही. त्या न बसलेल्या मेळावरच माझा प्रबंध उभा राहिला.

बाबा म्हणाले, 'वाफसा तर मुठीत माती दाबली का समजते, त्याला एवढी मशीन कायले?' बरोबरच होतं. पण उपग्रहाला मूठ नाही. जुलै २०२५ मध्ये गेलेल्या निसार या उपग्रहावर एल आणि एस या दोन मायक्रोवेव्ह बँडचे रडार आहेत. वरून आलेले ओलाव्याचे आकडे खालच्या मातीशी ताडून पाहायला आपल्याकडची वावरं लागतात, आणि त्यांत उन्हात उभं राहायला तयार असलेला माणूसही.

तेव्हा करा, पण दोन गोष्टी पाळा. गेटमध्ये इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स ऑप्शनला टाकू नका. बरीच पोरं टाकतात आणि पीएचडीच्या मुलाखतीत तिथंच अडकतात. दुसरं, गाइड ठरवण्याआधी लॅबमध्ये जाऊन या. सरांना नाही, चौथ्या वर्षाच्या पोराला चहाला घेऊन जा आणि विचारा, 'व्हीएनए तुझ्या हाताला लागतो का, आणि आठवड्यातून किती तास?'