मस्टँग, कॅमारो की चॅलेंजर? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): रोज कामावर जायला आणि सुट्टीच्या दिवशी मजेला एकच व्ही-८ गाडी हवी आहे. २०१८ ते २०२० दरम्यानच्या वापरलेल्या फोर्ड मस्टँग जीटी, शेव्हरोले कॅमारो एसएस आणि डॉज चॅलेंजर स्कॅट पॅक बघतोय. स्कॅट पॅकची ताकद सर्वांत जास्त, म्हणजे पैसे वसूल तिच्यातच ना?

उत्तर: कागदावर तसंच दिसतं. स्कॅट पॅकचं ६.४ लिटरचं हेमी इंजिन ४८५ हॉर्सपॉवरचं, मस्टँगचं ५ लिटरचं ४६० आणि कॅमारोचं ६.२ लिटरचं ४५५. पण चॅलेंजरचं वजन १,९०० किलोच्या वर जातं, बाकीच्या दोघी त्यापेक्षा सव्वादोनशे किलोंनी तरी हलक्या. त्यामुळे पाव मैलाच्या शर्यतीत तिघीही साडेबारा सेकंदांच्या आगेमागेच, आणि वळणांवर चॅलेंजर मागेच राहते. डॉलरमागे किती हॉर्सपॉवर हा हिशेब जाहिरातीत शोभतो. खरेदी करताना तेवढ्याच पैशांत ब्रेक, कूलिंग आणि टायर काय दर्जाचे मिळतात ते बघावं.

तुमच्या वापराला आम्ही मस्टँग जीटी सुचवू, तीही परफॉर्मन्स पॅकेजवाली. त्यात पुढे सहा पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक आणि मोठा रेडिएटर येतो. हेच सामान नंतर सुटं घेऊन बसवायला गेलात तर खिसा रिकामा होईल. कॅमारो चालवायला तिघींत सरस, पण काचा अरुंद आणि डिकी जेमतेम २५८ लिटरची. मस्टँगची ३८२, चॅलेंजरची ४५९. मागच्या सीटवर मोठी माणसं नीट बसवायची असतील तर चॅलेंजरच. लांब हायवेला तिच्याइतकी आरामशीर दुसरी नाही.

न्यू जर्सीच्या थंडीत समर टायरवर गाडी काढू नका. पारा उणे सातच्या खाली गेला की त्यांचं रबर कडक होऊन तडे जाऊ शकतात. हिवाळी टायरच्या सेटचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. जुन्या टायरचं वय बाजूच्या चार आकड्यांवरून कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

प्रश्न (शिकागो): वापरलेली गाडी बघायला जाताना नेमकं काय तपासायचं?

उत्तर: विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. रात्रभर उभी असलेली गाडी तुमच्यासमोर सुरू झाली पाहिजे.

स्कॅट पॅक सुरू होताच टकटक आली आणि इंजिन तापल्यावर थांबली, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलेला असतो. गरम झाल्यावर धातू फुगून फट बुजते, म्हणून आवाज जातो. काम कटकटीचं, पण आटोक्यातलं. तापल्यावरही टकटक राहिली किंवा वाढली, तर लिफ्टरच्या (कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या भागाच्या) रोलरवर संशय घ्या. रोलर जाम झाला की तो कॅमशाफ्ट खरवडतो. मग हेड उतरवून कॅम आणि लिफ्टर दोन्ही बदलावे लागतात. मॅन्युअल गिअरची गाडी यातून सुटते असं समजू नका. या इंजिनात ०डब्ल्यू-४० ऑइल सात क्वार्ट (साधारण ६.६ लिटर) लागतं आणि स्पार्क प्लग सोळा. बिलात आठच प्लग बदललेले दिसले तर काम अर्धवट झालंय.

२०१८ पर्यंतच्या ऑटोमॅटिक कॅमारो एसएसमध्ये आठ गिअरचा बॉक्स आहे. ताशी ५० ते ८० किलोमीटरला हलका अ‍ॅक्सिलरेटर ठेवून चालवा. रस्त्याकडेच्या खडबडीत पट्टीवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) तो ओळखीचा आजार. गिअरबॉक्सचं मूळ ऑइल ओलावा शोषतं, हे त्याचं कारण. सगळं जुनं ऑइल फ्लश करून सुधारित ऑइल भरलं की बहुतेकदा थरथर जाते. नुसतं खालून काढून वरून भरलं तर बरंचसं जुनं ऑइल आतच राहतं.

२०१८-१९ च्या मस्टँगमध्ये काही इंजिनं ऑइल खातात. डिपस्टिक स्वतः काढून बघा. दहा गिअरच्या ऑटोमॅटिकला खालच्या गिअरमध्ये झटके बसत असतील तर गाडी सोडा. मॅन्युअलमध्ये थंड असताना दुसरा गिअर कुरकुरतो का ते पाहा.

प्रश्न (ऑस्टिन, टेक्सस): माझी २०१९ ची साधी मस्टँग जीटी ट्रॅकवर पंधरा मिनिटांत ब्रेक पेडल मऊ दाखवते. हिच्यावर खर्च करू की विकून कॅमारो एसएस वन-एलई (ट्रॅकसाठीचं पॅकेज असलेली) घेऊ?

उत्तर: पेडल मऊ होतं कारण कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं) ब्रेक फ्लुइड उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात. पाणी न मुरलेलं डॉट-४ फ्लुइड किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. आधी ३०० अंशांच्या वर उकळणारं रेसिंग फ्लुइड लिटरभर आणा आणि चारही चाकं ब्लीड करा (जुनं फ्लुइड आणि हवा काढून टाका), या क्रमाने: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. सोबत ट्रॅकचे पॅड टाका. शेवटची फेरी ब्रेक न वापरता संथ काढा आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, तापलेली डिस्क एका जागी भाजते.

वर्षातून दोनतीनदा जाणार असाल तर एवढ्यावर भागेल, गाडी विकायची गरज नाही. दर महिन्याला जाणार असाल तर वन-एलई घ्या. मोठे ब्रेक, २८५ आणि ३०५ रुंदीचे टायर, मॅग्नेटिक सस्पेन्शन, डिफरन्शियलचा कूलर हे सारं कारखान्यातूनच येतं, आणि नवी असताना या पॅकेजचे फक्त सातेक हजार डॉलर जास्त लागायचे. एवढ्या पैशांत हे सगळं आम्हाला दुसऱ्या कुठल्या अमेरिकन गाडीत दिसलेलं नाही. ती मॅन्युअलच मिळते, त्यामुळे वर सांगितलेली थरथर नाही आणि पेट्रोल वाचवायला चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणाही नाही. फोर्डच सोडायची नसेल तर २०२१ ते २०२३ दरम्यानची मस्टँग मॅक वन बघा: ४८० हॉर्सपॉवर, ट्रेमेकचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलला कूलिंग.

प्रश्न (सॅन होजे): शेल्बी जीटी-५००, झेडएल-वन आणि हेलकॅट (अनुक्रमे मस्टँग, कॅमारो आणि चॅलेंजरचे जास्त ताकदीचे प्रकार) यांत पैसे कशात वसूल?

उत्तर: झेडएल-वनमध्ये. तिची ६५० हॉर्सपॉवर जीटी-५०० च्या ७६० पेक्षा कमीच, पण उष्णता बाहेर टाकणारे अकरा हीट एक्स्चेंजर असल्याने ती दमत नाही, आणि मॅन्युअल मिळते. जीटी-५०० ला मॅन्युअल नाहीच. तिचं कार्बन फायबर ट्रॅक पॅकेज २०२० मध्ये १८,५०० डॉलरला होतं, त्यातलं कार्बनचं चाक एकदा खड्ड्यात गेलं की हौस फिटते. हेलकॅट घ्यायची तर व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन विम्याचा हप्ता आधी विचारा. तिच्याच घरातली चार्जर एसआरटी हेलकॅट अमेरिकेत चोरीच्या विमा दाव्यांमध्ये अव्वल ठरली होती.

प्रश्न (पुणे): यातली एखादी वापरलेली गाडी अमेरिकेतून आणून इथे चालवता येईल का?

उत्तर: नाही. वापरलेली आयात गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. कॅमारो, चॅलेंजर कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्याच निघाल्या. उजव्या स्टिअरिंगची मस्टँग जीटी मात्र २०१६ मध्ये फोर्डने इथे अधिकृतपणे ६५ लाखांना (एक्स-शोरूम, दिल्ली) आणली होती. तीच सेकंडहँड शोधा. ती ३९६ हॉर्सपॉवरची, अमेरिकेतली तेव्हाची ४३५ ची. पेट्रोल भरताना लक्षात ठेवा, अमेरिकेतलं ९३ ऑक्टेन आपल्या मोजणीत साधारण ९८ होतं. तिकडच्या पुस्तिकेतला आकडा इथल्या पंपावर जशाचा तसा लावू नका.