ट्रेल रनिंग बूट घालून लांबचा ट्रेक: वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की पत्रांचा विषय ठरलेला असतो: कोणते बूट घेऊ? पत्रात कंपनीचं नाव असतं, रंग असतो, सवलतीची टक्केवारीसुद्धा असते. तीन गोष्टी मात्र हमखास राहून जातात. पाठीवर किती किलो असणार, आत्ता पायात कोणते बूट आहेत आणि निघायला किती आठवडे उरलेत. ट्रेल रनिंगचे बूट डोंगरवाटांवर पळणाऱ्यांसाठी बनतात, १४ किलोची सॅक त्यांच्या हिशेबात नसते. लांबच्या ट्रेकला ते वापरता येतात आणि बहुतेकांनी वापरावेतही, पण या तीन उत्तरांशिवाय नुसत्या नावांची तुलना करून हाती काही लागत नाही.

तीन दिवसांत रतनगड ते हरिश्चंद्रगड करायचा आहे. घोट्याच्या वर येणारे बूट नसतील तर पाय मुरगळणारच, असं आमचे लीडर सांगतात. खरं का? (ठाणे)

लीडरनी ते त्यांच्या लीडरकडून ऐकलं असणार. १९९१ साली इस्रायली सैन्याच्या नव्या जवानांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे लष्करी बूट दिले होते, काहींना बास्केटबॉलचे. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ट्रेकिंग बुटांची मान मऊ कापडाची असते. ती खडे आणि काटे अडवते, वळणारा घोटा अडवत नाही. घोट्याला सावरतात ते पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू, आणि ते थकतात कात्राबाईच्या खिंडीनंतर दुपारी, उतारावर. तेव्हा पाय हलका असलेला बरा. पायातल्या एका किलोला पाठीवरच्या किलोच्या सुमारे पाचपट शक्ती लागते. चामडी बुटांची जोडी सव्वा ते दीड किलोची असते, ट्रेल रनिंगची सहा-सातशे ग्रॅमची.

सॅक १२ किलोच्या आत असेल आणि एका पायावर डोळे मिटून २०-३० सेकंद उभं राहता येत असेल, तर खुशाल जा. सोबत काठी घ्या. गेल्या वर्षभरात तोच घोटा दोनदा मुरगळला असेल, तर बूट बदलून तो बरा होणार नाही. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

ऑनलाइन मागवताना साइज कसा ठरवायचा? (अकोला)

लांबच्या ट्रेकचे बूट ऑनलाइन मागवूच नका. संध्याकाळी दुकानात जा, ट्रेकचेच मोजे घाला, खांद्यावर सॅक घ्या आणि सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते पाहा.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायचं आहे. दुकानदार वॉटरप्रूफ बूटच घ्या म्हणतो, तीन हजार जास्त पडतात. घेऊ का? (सांगली)

नको. वॉटरप्रूफ पडद्यातून घामाची वाफ बाहेर पडते ती आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा. जुलैतल्या पन्हाळ्याच्या हवेत बाहेरही तेवढंच दमट असतं, त्यामुळे वाफ आतच राहते. वरून म्हणाल, तर पहिल्याच ओढ्यात पाणी बुटाच्या तोंडातून आत येतं, आणि जो पडदा बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तो आतलंही बाहेर जाऊ देत नाही. दिवसभर बुटात तळं घेऊन चालायचं. जाळीच्या बुटातून पाणी दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत निथळतं.

पाय दोन्ही बुटांत ओले होणारच. तेव्हा खरी काळजी मुक्कामावर घ्यायची. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांतून पुसून पूर्ण कोरडे करा. मोज्यांची एक जोडी फक्त झोपण्यासाठी ठेवा, ती काहीही झालं तरी दिवसा घालायची नाही. सकाळी निघताना तळव्याला आणि टाचेला व्हॅसलीनचा पातळ थर लावा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. बूट चुलीशी ठेवू नका, गोंद सुटतो आणि फोम आक्रसतो.

तळाच्या खाचा ४-५ मि.मी.च्या हव्यात, त्या वाटेवर चिखल भरपूर. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणतंही रबर धरत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून, भातखाचरांतून चालण्याआधी डॉक्टरांना विचारा. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर 'मी चिखलपाण्यात चालून आलोय' हे त्यांना आपणहून सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) शंका त्यांना लगेच यायला हवी. गोळ्या मनाने घेऊ नका.

ऑगस्टमध्ये जॉन म्यूर ट्रेल करणार आहे. आल्ट्रा लोन पीक, होका स्पीडगोट आणि ब्रूक्स कॅस्केडिया या तीन बुटांत अडकलोय. सध्या साधे, टाच उंच असलेले रनिंग शूज वापरतो. (सॅन होजे)

चला, सध्या पायात काय आहे ते एकाने तरी लिहिलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप. लोन पीकचा शून्य, स्पीडगोटचा ४-५ मि.मी., कॅस्केडियाचा अनेक वर्षं ८ मि.मी. हे आकडे नव्या आवृत्तीत बदलतात, म्हणून खोक्यावरचा पाहा. लोन पीक बोटांपाशी ऐसपैस असतो, त्यामुळे पाय सुजला तरी बोटं एकमेकांवर घासत नाहीत. फोम मात्र माफक, सुमारे २५ मि.मी., आणि पोटरीवर सगळ्यांत जास्त काम तोच टाकतो. स्पीडगोटमध्ये जाड, मऊ फोम आहे. ग्रॅनाइटच्या पायऱ्या उतरताना तो गुडघ्याला सुखाचा वाटतो, पण पाय जमिनीपासून उंच राहतो, आणि सॅक जड असेल तर मऊ फोम एका बाजूला दबून पाऊल कलतं. रुंद पावलाला तो आवळतोही, तेव्हा रुंद साच्याचा मागा. कॅस्केडिया तिघांत घट्ट, रुक्ष. ओझ्याखाली तोच कमी डगमगतो.

आता तुमच्या वाटेचं पाहू. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीपासून माउंट व्हिटनीपर्यंत सुमारे ३४० किलोमीटर. अन्नासाठी सुमारे किलोभर वजनाचा बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा डबा, न्यावा लागतो, आणि म्यूर ट्रेल रँच या वाटेतल्या शिधा घेण्याच्या ठिकाणानंतर वाट सोडून खाली उतरायचं नसेल तर आठ-दहा दिवसांचं अन्न एकदम पाठीवर येतं. त्या दिवशी सॅक १६-१७ किलोंची होते. म्हणजे ओझं सगळ्यांत जास्त तेव्हा, जेव्हा फोम आधीच पावणेदोनशे किलोमीटर दबलेला असतो. तुमची आजची सवय धरली तर कॅस्केडिया, किंवा ६ ते १० मि.मी. ड्रॉपचा तसाच घट्ट बूट. या बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर असतं, ओझ्याखाली खालचाच आकडा धरा. निघताना जोडी शे-दीडशे किलोमीटर चाललेली असावी, त्याहून जास्त नको. लोन पीकवर मन जडलंच असेल, तर हातात किमान आठ आठवडे हवेत, इतक्या जड सॅकला त्याहून जास्त. ते का, पुढच्या उत्तरात वाचा.

तीन आठवड्यांपूर्वी यूट्यूब बघून झिरो ड्रॉपचे बूट घेतले. रोज ८ कि.मी. चालते, शनिवारी १० किलोची सॅक घेऊन सिंहगड. आधी पोटऱ्या आखडायच्या, आता आठवडाभर पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे दुखतंय. एक्स-रे नॉर्मल आहे. बारा दिवसांनी हिमालयातला आठ दिवसांचा ट्रेक आहे. क्रेप बँडेज बांधून जाऊ ना? (पुणे, वय ३४)

नाही. आणि आज शनिवार असेल तर सिंहगडही नाही.

अशी पत्रं दर हंगामात येतात, म्हणून सविस्तर लिहिते. एक बोट घेऊन दुखऱ्या जागी दाबून पाहा. दुखणं पसरट असेल तर ते बहुधा स्नायूंचं किंवा कंडरांचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचं). एका नाण्याएवढ्या जागेत, नेमक्या हाडावर टोचत असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते स्ट्रेस फ्रॅक्चरच, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीरच, समजायचं. टाच खाली आली की पोटरीचा स्नायू आणि टाचेमागची कंडरा प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते, आणि भार चवड्याकडे सरकतो. बोटांमागच्या लांब हाडांवर तो येतो. नव्या भारासाठी हाड स्वतःला घडवतं खरं, पण आधी जुना भाग काढून टाकतं आणि नवा मागाहून भरतं. त्यामुळे भार वाढवल्यावर पहिले काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच आठवड्यांत तुम्ही अंतर, ओझं आणि चढ तिन्ही वाढवलेत. या तिन्हींतलं एका वेळी एकच वाढवायचं, ही साधी गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, कारण व्हिडिओ बूट विकायला असतो.

एक्स-रे नॉर्मल आहे याने निर्धास्त होऊ नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत ही चीर बहुतेकदा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा आणि 'तीन आठवड्यांपूर्वी बूट बदलले, ओझं वाढवलं' हे त्यांना सांगा. पाळी अनियमित असेल, वजन अलीकडे बरंच उतरलं असेल किंवा ड जीवनसत्त्व कमी निघालं असेल, तर तेही सांगा, हाडाशी त्याचा थेट संबंध आहे. वेळेत थांबलात तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत चालता येतं. चीर आरपार गेली तर प्लास्टर, कधी शस्त्रक्रिया. पावलाच्या मधल्या उंचवट्यावर किंवा करंगळीमागच्या हाडाच्या बुडाशी दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका, ती हाडं जुळायला कुरकुरतात. वेदनाशामक गोळी घेऊन चालणं हा सगळ्यांत वाईट मार्ग, कारण थांबवणारी खूण तीच बुजवते. बँडेजने तर काहीच होत नाही.

हेच बूट रीतसर कसे अंगवळणी पाडायचे? पहिले दोन आठवडे घरात, ऑफिसात आणि अर्धा तास सपाटीवर. बाकीची चाल जुन्या बुटांत. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्याच्या एकूण अंतरातला पाचवा हिस्सा नव्यात, मग हळूहळू वाढवत न्यायचा. पाचव्या आठवड्यापर्यंत सॅक रिकामी. त्यानंतर दर आठवड्याला दोन किलो. सिंहगडावर ओझं म्हणून पाण्याच्या बाटल्या न्या आणि वर पोचल्यावर पाणी झाडांना घाला. उतरताना पाठीवर काही नको. रोज जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, १५ वेळा, तीनदा. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ आली की एक आठवडा मागे या.

ट्रेकचे पैसे बुडतील, कळतं. बुकिंग पुढे ढकलता येतं का विचारा.

दुकानातल्या मशीनवर पाय ठेवला, पडद्यावर लाल-पिवळं चित्र आलं, 'फ्लॅट फूट' म्हणून साडेचार हजारांचे इनसोल दिले. घालू का? (नागपूर)

पाय दुखत होता का? नव्हता, तर गरज नव्हती. ते चित्र उभं असताना भार कुठे पडतो एवढंच दाखवतं, सॅक घेऊन सहाव्या तासाला पाऊल कसं पडतं हे नाही. चवड्यांवर उभ्या राहा. तळव्याची कमान उठत असेल तर सपाट पाय लवचीक आहे, आणि तो आजार नाही. कमान उठतच नसेल, दुखत असेल किंवा एकच पाय अलीकडे सपाट झाला असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, दुकानात नव्हे. जाड इनसोलने टाच बुटात वर येते, मागे सुटते आणि फोड येतात, हा वेगळाच ताप.

अ‍ॅक्शन कंपनीचे स्वस्त बूट सह्याद्रीला पुरेसे नाहीत का? (नाशिक)

एक-दोन दिवसांना, छोट्या सॅकला, पुरतात. कातळावर पकडही चांगली असते. पाच दिवस आणि १२ किलो असतील तर त्यांचा फोम पातळ पडतो.

चार वर्षांपूर्वी घेतलेले चामडी बूट दोनदाच वापरलेत, कपाटात नवे कोरे आहेत. तेच नेऊ? (रत्नागिरी)

तळ पॉलियुरेथेनचा असेल तर दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो आणि चालता चालता अख्खा सुटून येतो. अंगठ्याने जोरात दाबा, वाकवा. चुरा पडला, भेग दिसली किंवा चिकट लागलं तर टाका. शाबूत वाटला तरी आधी २० किलोमीटर घराजवळ चाला.

जानेवारीत उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक. ट्रेल रनिंग बूट चालतील? (डोंबिवली)

बर्फात जाळीचे बूट नकोत. बोटं गोठतात.

उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं. मोठे बूट घेऊनही तेच. (सातारा)

मोठ्या बुटात पाय पुढे सरकतो, म्हणून तेच. सगळ्यांत वर एक जादा भोक असतं, बहुतेक लोक ते मोकळं सोडतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास करा, दोन्हीकडे. मग प्रत्येक लेसचं टोक समोरच्या फासातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच मागे बसते. ट्रेकला निघण्याच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ रेषेत कापा. नखाखाली रक्त साचून ठणकत असेल तर डॉक्टर ते दोन मिनिटांत काढतात. तापवलेल्या सुईचे प्रयोग नकोत.

वय ६१, मधुमेह बारा वर्षं, साखर ताब्यात. पायी नर्मदा परिक्रमेला निघायचं आहे. मुलाने भारीतले ट्रेल रनिंग बूट आणले आहेत. (कोल्हापूर)

मुलाचं कौतुक, पण आधी पायाची तपासणी. मधुमेहतज्ज्ञ १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात आणि पायातल्या नाड्या पाहतात. धागा जाणवला नाही, तर खडा बोचलेलाही जाणवणार नाही, फोडही नाही. मग एकट्याने इतकं चालणं त्यांच्या परवानगीशिवाय नको, आणि अनवाणी तर मुळीच नको.

तपासणी ठीक निघाली, तरी हे बूट परत करून खोल खाचा नसलेले आणा. परिक्रमेत डांबरी रस्ता बराच लागतो. त्यावर मोठ्या खाचा भराभर झिजतात आणि तळव्याला टोचतात. अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चालायचं आहे, म्हणजे चार-पाच जोड्या लागतील, एक भारी जोडी पुरणार नाही. मुलाला वाटेतल्या गावांत पुढची जोडी पोचवायला सांगा, साइज तोच, मॉडेल तेच. बूट घालण्याआधी रोज आत हात घालून पाहा. रोज रात्री आरशात तळवे बघा. लाल डाग दिसला की त्या दिवशी चाल थांबवा. फोड फोडू नका, जवळच्या दवाखान्यात दाखवा, पुढच्या मुक्कामापर्यंत वाट पाहू नका.