ओला-सुका कचरा वेगळा करूनही गाडीत एकत्रच जातो, मग उपयोग काय?

उपयोग आहे, पण गाडीवाल्याच्या भरवशावर राहिलात तर नाही. पुण्यात बघा, 1993 साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना झाली, आणि 2008 मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, महापालिकेशी करार करून हे लोक दारोदार कचरा घेतात, घरामागे महिन्याला ठरलेली फी मिळते आणि सुका कचरा विकून येणारे पैसे त्यांचेच. खरी गोम इथेच आहे, वेगळा केलेला माल म्हणजे थेट कमाई, त्यामुळे तो एकत्र करण्यात त्यांचंच नुकसान.

म्हणून सुका कचरा गाडीत टाकूच नका, तुमच्या भागातल्या वेचक ताईंना किंवा भंगारवाल्याला ठरलेल्या दिवशी द्या. दुधाच्या पिशव्या नुसत्या पाण्याने धुवून वाळवल्या तरी चालतं, खरकट्याने बरबटलेलं प्लास्टिक मात्र कोणी घेत नाही. ओल्याचं सोसायटीतच कंपोस्ट करा, वास येतो तो बहुतेक वेळा पाणी जास्त झाल्याने, सुका पालापाचोळा मिसळा. आणि डायपर, पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा प्लीज, म्हणजे आत काय आहे ते न उघडता कळतं, कचरा वेचणारी बाई हाताने निवडते हो ते सगळं!

बाकी केंद्राच्या घनकचरा नियमांत वेगळा केलेला कचरा वेगळाच नेणं हे पालिकेचं काम आहे, त्यामुळे एकत्र करताना दिसले तर फोटोसकट वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या, एकट्याने नको, सोसायटीच्या लेटरहेडवर.