पाइप गार आणि प्रोसेसर ९५ वर

वॉटर कूलिंगचा कॉम्प्युटर तापला की थर्मल पेस्टच (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचा उष्णता वाहून नेणारा लेप) दोषी, हा समज काही केल्या जात नाही. या वेळीही बहुतेक पत्रांत तेच आहे.

नवा कूलर, पण काहीही न चालवता तापमान ७० अंश. का?

ब्लॉकखालची, म्हणजे प्रोसेसरवर टेकणाऱ्या, आतून पाणी फिरणाऱ्या ठोकळ्याखालची प्लॅस्टिकची फिल्म काढलीत का, ते आधी बघा.

एएमडीचा ७९५०एक्स प्रोसेसर रेंडरिंग करताना ९५ वर जाऊन थांबतो. जळेल का?

नाही. ती त्याची ठरवलेली मर्यादा आहे. इंटेलच्या आय९-१३९००केची १०० आहे.

गेम सुरू केला की काही सेकंदांत ९५. पेस्ट दोनदा बदलली. दुकानदार मोठा रेडिएटर घ्या म्हणतो.

घेऊ नका! रेडिएटर, म्हणजे पाणी थंड करणारी जाळी, कमी पडत असेल तर तापमान हळूहळू, दहा-वीस मिनिटांत चढतं, कारण आधी सगळं पाणी तापावं लागतं. सेकंदांत चढतंय म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. ब्लॉक नीट टेकलेला नाही किंवा पंप पाणी फिरवत नाही. पेस्ट बदलताना स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे आवळले होते ना? मग पंपाकडे वळा. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) त्याचा वेग बघा. शून्य दिसला तर आधी वायर तपासा. पंप पंख्याच्या पिनांवर जोडला असेल तर बोर्ड त्याला पंखा समजून मंद चालवतो. वेग कायम पूर्ण ठेवा. ‘आवाज येतोय, म्हणजे पंप चालू आहे’ हे ऐकीव ज्ञान सोडा. पंप फिरत असतो आणि ब्लॉकमधल्या केसासारख्या बारीक फटी गाळाने बुजलेल्या असतात. दहा मिनिटं लोड देऊन पाइपांना आणि रेडिएटरला हात लावा. प्रोसेसर ९५ वर आणि दोन्ही गारच, तर पाणी फिरत नाही. कंपनीतून सीलबंद आलेला कूलर घरी उघडू नका, वॉरंटी जाईल. बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, आणि याच आठवड्यात जा. प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून वाचतोय, म्हणून महिनोन्‌महिने तसंच रेटणारे लोक बघून मला खरंच वाईट वाटतं.

पंपातून गुळगुळ आवाज येतो.

हवा अडकली आहे. पंप सगळ्यात उंच जागी असता कामा नये. रेडिएटरचा वरचा भाग त्याच्याहून वर हवा. तसा बसवूनही आवाज राहिला, तर पाणी कमी झालं असेल. तंत्रज्ञाला दाखवा.

पंप, पाइप, रेडिएटर सुटे घेऊन स्वतः जोडलेल्या लूपमध्ये नळाचं पाणी चालेल?

नाही. क्षार साचतात, शेवाळ धरतं. तयार कूलंटच वापरा. स्वस्त म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकला जोडून देणारेही आहेत; त्यात ॲल्युमिनियम गंजतं. विकत घेण्याआधी धातू विचारा, उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा.

ग्राफिक्स कार्डावर थेंब दिसले. पुसून चालू करू?

अजिबात नको. प्लग काढा आणि गळती कुठून आहे हे जाणकाराने बघेपर्यंत बटणाला हात लावू नका.