"एका मुलावर थांबले तर मी स्वार्थी का?"

हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून एकदोनदा तरी येतोच. या वेळी विचारणारी छत्तिशीची, पुण्यात आयटीत नोकरी, मुलगी सहा वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) शाळेच्या फीचे, फ्लॅटच्या हप्त्याचे आकडे तिला तोंडपाठ होते. खर्चाचं कारण चारचौघांत सांगायला सोपं पडतं, म्हणून ते आधी येतं.

मी विचारलं, "पहिल्या वर्षी रात्री कोण उठायचं?"

ती हसली. मग बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. नवरा उठायचा, पण तिनं हाक मारली तरच. पाळणाघराचा फोन आजही तिलाच येतो.

"मग तुम्हाला दुसरं मूल नकोय, की तसं वर्ष पुन्हा नकोय?"

तिला रडू फुटलं.

पुढच्या खेपेला नवरा आणि सासूबाईही आल्या. "एकटं पोर हट्टी होतं हो मॅडम. आमच्या वेळी कोण एवढा हिशोब करायचं?" एकुलती मुलं हट्टी, एकलकोंडी होतात हा समज अभ्यासांत टिकलेला नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. मग विचारलं, तुम्ही भावंडं किती? "सात." आणि तुम्हाला मुलं? "दोनच. धाकट्याच्या वेळी लगेच ऑपरेशन करून घेतलं. सासूबाई सहा महिने बोलल्या नव्हत्या माझ्याशी." बोलता बोलता त्या थांबल्या आणि सुनेकडे बघायला लागल्या.

हिशोब त्यांनीही केलाच होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1992-93 साली महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 मध्ये 1.7. लोकसंख्या आहे तेवढी राहायला 2.1 लागतात. एवढ्या सगळ्या बाया एकाच वेळी स्वार्थी झाल्या, असं मला तरी वाटत नाही.

नवऱ्याला एकच काम दिलं: पाळणाघरात महिनाभर स्वतःचा नंबर द्यायचा. तिसऱ्याच आठवड्यात तापलेल्या लेकीला आणायला मीटिंग सोडून पळावं लागलं. "हे असं दर महिन्याला असतं?" त्यानं बायकोला विचारलं म्हणे.

दुसऱ्याचं त्यांचं अजून ठरलेलं नाही. सासूबाईंनी मात्र जेवणाच्या ताटावर तो विषय काढणं बंद केलंय.