कुत्र्याच्या दातांवरचं टार्टर डेंटल जेलने निघतं का?

सहा वर्षांच्या लॅब्राडॉरच्या दाढांवर पिवळट-तपकिरी थर बसलाय आणि तो जेलने जाईल का, असं तुम्ही विचारलंय. दगडासारखा घट्ट झालेला थर जेलने निघत नाही. जेलचा उपयोग नवीन थर साचू न देण्यासाठी.

दातांवर आधी प्लाक नावाचा मऊ, चिकट थर बसतो. लाळेतल्या क्षारांमुळे तो दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, तेच टार्टर. वरच्या मागच्या दाढांजवळ लाळेच्या नळ्या उघडतात, म्हणून तिथे बाहेरच्या बाजूने ते जास्त दिसतं. जेलमधली एन्झाइम्स किंवा क्लोरहेक्सिडिन (एक जंतुनाशक) मऊ प्लाकवर काम करतात.

म्हणून आधी व्हेटकडून भूल देऊन स्केलिंग, म्हणजे टार्टर काढून दातांची सफाई, करून घ्या. भुलीची भीती वाटणं साहजिक आहे, पण त्याशिवाय हिरडीखालची सफाई होत नाही आणि खरा आजार तिथेच असतो. नखाने किंवा टोकदार वस्तूने घरी खरवडू नका, प्लीज. हिरडी फाटते, दातावर चरे पडतात.

स्केलिंगनंतर, हिरड्या बऱ्या झाल्या की रोज जेल लावा, शक्यतो ब्रशने. नुसतं बोटाने फासण्यापेक्षा घासण्याचा फायदा कितीतरी जास्त. सुरुवातीला दोन दिवस फक्त ओठ उचलून कौतुक करा, मग हळूहळू दाढांकडे जा. लावल्यावर अर्धा तास खाणं-पाणी नको.

आपली टूथपेस्ट मात्र कधीच वापरू नका. काहींमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्यांसाठी विषारी आहे.

हिरडीतून रक्त, उग्र वास किंवा एकाच बाजूने चावणं दिसलं, तर जेल बाजूला ठेवून आधी दात तपासून घ्या.